हब घेताना पोर्ट मोजायचं काम सगळ्यात शेवटचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लॅपटॉपला फक्त दोन सी-पोर्ट आहेत. त्यांवर एक फोर-के मॉनिटर, बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क, लॅनची वायर, वायरलेस माउस-कीबोर्डचा डोंगल (पोर्टात लावायचा छोटा रिसीव्हर) आणि अधूनमधून कॅमेऱ्याचं कार्ड, एवढं लावायचं आहे. चार्जिंगही त्याच वायरीतून हवं आहे. एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी, म्हणजे हब, तुम्ही उसना आणून लावून बघितला, तर माउस अडखळायला लागला, हार्ड डिस्क मध्येच गायब व्हायला लागली आणि मॉनिटरवर पॉइंटर ओढत नेल्यासारखा दिसायला लागला. म्हणून आता सात पोर्टवाला घ्यावा की अकरा पोर्टवाला, असं तुम्ही विचारलं आहे.

यातली एकही तक्रार पोर्टांच्या संख्येमुळे नाही. माउस रेडिओच्या गोंधळामुळे अडखळतो, डिस्क बहुधा वीज अपुरी पडल्यामुळे जाते आणि पॉइंटर ओढत जातो तो मॉनिटरला ३० हर्ट्झच मिळत असल्यामुळे, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलत असल्यामुळे. अकरा पोर्टवाला हब आणलात तरी तिन्ही त्रास तसेच राहू शकतात, कदाचित वाढतीलही. हब स्वतः काहीच तयार करत नाही. लॅपटॉपच्या एका पोर्टातून जेवढा डेटा जातो आणि चार्जरमधून जेवढी वीज येते, त्याची तो फक्त वाटणी करतो. त्यामुळे लॅपटॉपचा पोर्ट नेमकं काय देतो, आपल्या सामानातली सगळ्यात खादाड वस्तू कोणती आणि हब वाटणी कशी करतो, हे बघायचं. पोर्ट त्यानंतर मोजायचे.

सुरुवात लॅपटॉपच्या पोर्टापासून. ‘सी’ हा फक्त खोबणीचा आकार आहे. त्यामागे नुसतं जुनं, संथ यूएसबी २.० असू शकतं, किंवा वेगवान डेटा आहे पण चित्र नाही असं असू शकतं, किंवा डेटा, चित्र, चार्जिंग असं सगळं असू शकतं. पोर्टाच्या शेजारी कोसळत्या विजेच्या बाणाची खूण असेल तर तो बहुधा थंडरबोल्ट, म्हणजे जवळजवळ सगळं आलं. इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफलेली खूण असेल तर त्यातून चित्र बाहेर पडतं. बॅटरीची किंवा प्लगची खूण असेल तर चार्जिंग होतं. खूण नाही म्हणजे सोय नाही असं मात्र नाही, कारण कित्येक लॅपटॉपवर काहीच छापलेलं नसतं. अशा वेळी कंपनीच्या पानावर आपल्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड’ (म्हणजे चित्र) आणि ‘पॉवर डिलिव्हरी’ (म्हणजे चार्जिंग) हे दोन शब्द शोधा. दोन्ही पोर्ट सारखेच असतील असं धरून चालू नका. एकातून चित्र येतं आणि दुसऱ्यातून नाही, असे लॅपटॉप भरपूर आहेत.

एकाही पोर्टातून चित्र येत नसेल, तर साध्या हबचं एचडीएमआय तुमच्या काहीच कामाचं नाही. मग डिस्प्लेलिंक नावाच्या चिपवर चालणारा हब घ्यावा लागतो. तो पडद्यावरचं चित्र दाबून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतो. त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर थोडा भार येतो आणि कॉपी-संरक्षण असलेले व्हिडिओ त्यावर काळे दिसू शकतात. कागदपत्रं, तक्ते, ईमेल यांसाठी तो व्यवस्थित चालतो. व्हिडिओ एडिटिंगसाठी मी तो सुचवणार नाही.

आता मॉनिटर. तुमच्या यादीतली खादाड वस्तू हीच, आणि लोक फसतात तेही इथेच, म्हणून जरा खोलात जातो. सी-पोर्टात वेगवान डेटासाठी तारांच्या चार जोड्या असतात, आणि जुन्या यूएसबी २.० साठी एक जोडी वेगळी. बहुतेक हब चारांपैकी दोन जोड्या चित्राला देतात आणि दोन यूएसबी ३ ला ठेवतात. डिस्प्लेपोर्ट ही चित्र पाठवायची पद्धत. तिच्या १.२ आवृत्तीच्या वेगाने दोन जोड्यांतून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला ८.६४ गिगाबिट मिळतात. फोर-के चित्र ६० हर्ट्झने पाठवायला साधारण १२.८ गिगाबिट लागतात. ते यात मावत नाही, म्हणून लॅपटॉप आणि हब गुपचूप ३० हर्ट्झवर उतरतात. चित्र स्पष्ट दिसतं, अक्षरं सुरेख दिसतात, पण माउस हलवला की पॉइंटर टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि पान सरकवताना डोळे शिणतात. तुम्हाला दिसलं ते हेच.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. लॅपटॉप आणि हब दोघंही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील, तर त्याच दोन जोड्यांतून १२.९६ गिगाबिट जातात. म्हणजे फोर-के ६० हर्ट्झ जेमतेम का होईना बसतं आणि यूएसबी ३ चा वेगही शाबूत राहतो. दोघांपैकी एक जरी १.२ वर असला, तरी हे जमत नाही. दुसरा प्रकार म्हणजे चारही जोड्या चित्राला देऊन टाकणारे हब. त्यांवर जुन्या लॅपटॉपलाही ६० हर्ट्झ मिळतं, पण मग डेटासाठी फक्त यूएसबी २.० उरतं. अशा हबच्या माहितीत ‘फोर-के ६० हर्ट्झ’ हे ठळक अक्षरांत असतं आणि ‘यूएसबी २.०’ बारीक अक्षरांत. दोन्ही ओळी एकत्र वाचा. तुमच्या हार्ड डिस्कवर मोठे बॅकअप होत असतील, तर हा सौदा महागात पडेल.

मॉनिटर फोर-के ऐवजी २५६० बाय १४४० चा असता, तर ६० हर्ट्झला सहा गिगाबिटच्या आत भागलं असतं आणि यातला बराच विचार करावा लागला नसता. नवा मॉनिटर घ्यायचं कुणाच्या मनात असेल, तर एवढं लक्षात असू द्या.

हबवरचं एचडीएमआय २.० आहे ना, तेही बघा. १.४ वर फोर-के म्हणजे ३० हर्ट्झच. केबलही त्या तोडीची हवी. १८ गिगाबिटसाठी प्रमाणित केलेल्या केबलवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं लिहिलेलं असतं. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआय जुन्या पद्धतीवर ठेवलेलं असतं, ते २.० वर आणावं लागतं. हे सगळं जुळूनही ६० दिसत नसेल, तर विंडोजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर जाऊन रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झचा आकडा, हाताने बदलून बघा.

आणखी एक गोष्ट, दोन मॉनिटरची इच्छा असणाऱ्यांसाठी. दोन एचडीएमआयवाले स्वस्त हब एकाच चित्रवाहिनीचे दोन भाग करतात. त्याला एमएसटी म्हणतात. विंडोजवर ते चालतं. मॅकवर मात्र दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसतं, कारण मॅकओएस वेगवेगळ्या पडद्यांसाठी एमएसटी वापरत नाही. हबमध्ये बिघाड आहे असं समजून लोक तो परत करतात आणि तसाच दुसरा आणतात.

तुमच्याकडे दोन सी-पोर्ट आहेत, म्हणून माझा सल्ला सरळ आहे. दोन्हींतून चित्र येत असेल तर मॉनिटर हबवर लावूच नका. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर सी-टू-डिस्प्लेपोर्ट अशी एक साधी केबल घ्या आणि ती थेट लॅपटॉपच्या एका पोर्टात लावा. चित्राला चारही जोड्या मिळतात. हब दुसऱ्या पोर्टात जातो आणि त्याला डेटासाठी पूर्ण वाट मोकळी राहते. मधली एचडीएमआय रूपांतराची चिप जाते, तिची उष्णताही जाते. उठताना दोन वायरी काढाव्या लागतात, तेवढीच काय ती गैरसोय. मॉनिटरलाच सी-पोर्ट असेल आणि त्यातून चार्जिंग होत असेल, तर आणखी उत्तम. अशा मॉनिटरच्या मागे बहुधा दोन-चार यूएसबी पोर्टही असतात, म्हणजे तो स्वतःच हब आहे. त्यात लॅनही असेल तर वेगळ्या हबची कदाचित गरजच पडणार नाही.

आता वीज. हबवर ‘१०० वॉट’ लिहिलेलं असतं, ती त्याची वाहून नेण्याची कमाल मर्यादा. वीज येते चार्जरमधून, आणि तिच्यातून हब स्वतःसाठी आणि आपल्या पोर्टांसाठी साधारण १० ते १५ वॉट बाजूला काढतो. ६५ वॉटचा चार्जर हबला लावला की लॅपटॉपपर्यंत ५० ते ५५ पोचतात. हलक्या लॅपटॉपला तेवढे पुरतात. जड काम चालू असताना मात्र प्लग लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरताना दिसेल, किंवा ‘चार्जर कमी शक्तीचा आहे’ अशी सूचना येईल. म्हणून लॅपटॉपच्या मूळ चार्जरपेक्षा एक पायरी वरचा चार्जर हबसाठी ठेवावा: ४५ च्या जागी ६५, ६५ च्या जागी १००. चार्जर ते हब ही केबलही बघा. साधी सी-टू-सी केबल तीन अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंतच जाते. त्यापुढे पाच अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. ती नसेल तर १०० वॉटचा चार्जरही ६० वरच थांबतो, आणि दोष हबच्या माथी येतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या बऱ्याच मोठ्या लॅपटॉपना हबमधून पुरेशी वीज मिळत नाही. त्यांचा मूळ जाड पिनेचा चार्जर त्यांनाच लावलेला बरा.

हार्ड डिस्कचा त्रास याच्याशीच बांधलेला आहे. हबला चार्जर लावलेला नसेल, तर सगळा संसार लॅपटॉपच्या पोर्टातून मिळणाऱ्या साडेसात किंवा फार तर १५ वॉटवर चालतो. त्यातून लॅनची चिप, एचडीएमआयची चिप, डोंगल आणि डिस्क सगळ्यांना खायचं असतं. तबकडीवाली पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना क्षणभर साधारण एक अँपिअरपर्यंत ओढते. त्या क्षणी व्होल्टेज घसरलं की तबकडी वाचणारं आतलं हेड मागे सरून बसतं. कान दिलात तर ‘टक’ असा आवाज ऐकू येतो, डिस्क स्क्रीनवरून जाते आणि दोन-तीन सेकंदांनी परत येते. कॉपी चालू असताना हे झालं तर ती फाइल गेलीच म्हणा. डिस्क एक्सफॅटमध्ये (फाइली साठवायची एक पद्धत) फॉरमॅट केलेली असेल तर धोका जास्त, कारण अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद ठेवणारं जर्नल त्यात नसतं. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत ते असतं. तबकडीवाली डिस्क लावायची तर हबला चार्जर जोडलेलाच हवा, हा नियम करून टाका. डिस्कसोबत आलेली आखूड केबलच वापरा. लांब, बारीक केबलमध्येही व्होल्टेज घसरतं.

डिस्क गायब होण्याचं दुसरं एक कारण आहे आणि ते फार जणांना ठाऊक नसतं. हब चालू असताना त्यात चार्जर खोचला किंवा काढला, तर हब आणि लॅपटॉप विजेची बोलणी नव्याने सुरू करतात. बऱ्याच हबमध्ये तेवढ्या वेळात सगळे पोर्ट एक-दोन सेकंद मेल्यासारखे होतात. मॉनिटर काळा होतो, लॅन तुटतं, डिस्क निघते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी चार्जर हबला लावायचा, मग हब लॅपटॉपला. निघताना डिस्क ‘इजेक्ट’ करायची, मग हब लॅपटॉपपासून काढायचा, चार्जर सगळ्यात शेवटी. बॅकअप चालू असताना चार्जरला हात लावायचा नाही. घरात वीज ये-जा करत असेल तरी हाच प्रकार होतो, कारण हबच्या लेखी चार्जर बंद पडणं आणि चार्जर उपटणं यांत काहीच फरक नाही.

माउसचं अडखळणं हा हबचा बिघाड नसतो. यूएसबी ३ चे सिग्नल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओचा गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर माहितीपत्रक काढलं होतं. तुमचा डोंगल त्याच पट्ट्यात बोलतो, आणि त्याच्या शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ ची डिस्क बसलेली असते. डिस्कवर कॉपी सुरू केली की माउस अडखळतो आणि थांबवली की सुधारतो, असं असेल तर निदान पक्कं. अर्धा-एक मीटरची साधी यूएसबी २.० एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल माउसजवळ, डिस्क आणि हबपासून दूर ठेवा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. हबवर यूएसबी २.० चा पोर्ट असेल तर डोंगल त्यातच लावा, माउस-कीबोर्डला त्याहून जास्त वेग लागतच नाही. ब्लूटूथही त्याच पट्ट्यात आहे. पण बहुतेक लॅपटॉपची अँटेना पडद्याच्या कडेला किंवा बिजागरीपाशी असते, त्यामुळे हब तिथून हातभर लांब असला की निभावतं. वायफाय संथ झालं तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा.

लॅनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हब यूएसबी ३ वर चालत असेल तर गिगाबिट लॅन पूर्ण वेगाने चालतं. वर सांगितलेल्या प्रकारात तो यूएसबी २.० वर उतरला असेल तर लॅन ३०० मेगाबिटच्या आसपास अडकतं. रिअलटेक आरटीएल ८१५३ ही चिप खूप हबमध्ये सापडते आणि तिचा ड्रायव्हर सगळीकडे सहज मिळतो. ऑफिसच्या नेटवर्कवर ठरावीक मॅक अ‍ॅड्रेसनाच (नेटवर्कवरचा उपकरणाचा ओळख क्रमांक, अ‍ॅपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) प्रवेश असेल, तर लक्षात घ्या की हबच्या लॅनला स्वतःचा वेगळा मॅक अ‍ॅड्रेस असतो. तो आयटीवाल्यांना कळवावा लागतो, आणि हब बदलला की पुन्हा कळवावा लागतो.

कार्डाचं म्हणाल तर बऱ्याच हबमधला कार्ड रीडर आतून यूएसबी २.० चाच असतो. तो सेकंदाला ४० मेगाबाइटपर्यंत जातो, म्हणजे भरलेलं ६४ जीबीचं कार्ड उतरवायला जवळजवळ २७ मिनिटं लागतात. यूएचएस-१ या वेगवान कार्डांसाठीचा नीट रीडर ९० च्या आसपास देतो आणि तेच काम १२ मिनिटांत होतं. महिन्यातून एकदा पन्नास फोटो काढायचे असतील तर याकडे दुर्लक्ष करा. रोजचं शूटिंग असेल तर कार्ड रीडर वेगळा घ्या आणि हबमधला विसरा.

वेगाची वाटणीही समजून घ्या. हबवर ५ गिगाबिटचे तीन पोर्ट असले, तरी तिघांची मिळून वाट एकच असते. डिस्कवरून एसएसडीवर (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) कॉपी करताना दोन्ही त्याच वाटेने येतात-जातात. एकच तबकडीवाली डिस्क असेल तर ५ गिगाबिट भरपूर झाले, कारण अशी डिस्क सेकंदाला सव्वाशे-दीडशे मेगाबाइटच्या आसपासच चालते. वेगवान एसएसडी वापरणार असाल तर १० गिगाबिटवाला हब घ्या, किंवा एसएसडी थेट लॅपटॉपला लावा. हबला दुसरा हब लावू नका. नियमात ते बसतं, पण वीज आणि वाट दोन्ही पुन्हा वाटल्या जातात आणि बिघाड शोधणं अवघड होऊन बसतं.

हब गरम होतो म्हणून घाबरू नका. चित्राचं रूपांतर, लॅन आणि चार्जिंग एकाच छोट्या डबीत चालू असतात. अ‍ॅल्युमिनियमचं आवरण ती उष्णता बाहेर टाकायलाच असतं. हात ठेवता येईल इतपत गरम ठीक. हात मागे घ्यावा लागत असेल किंवा गरम झाल्यावर लॅन किंवा चित्र जात असेल, तर तो हब परत करा. लॅपटॉपखाली, कापडावर किंवा कागदांच्या ढिगाखाली तो ठेवायचा नाही. जास्त काळजी घ्यायची ती वायरीची. अंगची केबल साधारण पंधरा सेंटीमीटर असते. लॅपटॉप स्टँडवर असेल तर हब हवेत लोंबकळतो, आणि एचडीएमआय-लॅनच्या जड वायरींचा सगळा भार लॅपटॉपच्या नाजूक पोर्टावर येतो. पोर्ट सैल झाला की नवा हबही काही कामाचा नाही. स्टँड वापरत असाल तर केबल वेगळी काढता येणारा हब घ्या. केबल खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

हब आणलात की परत करायची मुदत असेपर्यंत एका दिवसात त्याची पूर्ण परीक्षा घ्या. चार्जर, मॉनिटर, लॅन, डिस्क, डोंगल सगळं एकदम लावा. रिफ्रेश रेट ६० दाखवतो का ते बघा. वीस-तीस जीबीची फाइल डिस्कवर कॉपी करा आणि त्याच वेळी लॅनवरून एखादं मोठं डाउनलोड सुरू ठेवा. कॉपीचा वेग ४० मेगाबाइटच्या पुढे जातच नसेल, तर हब यूएसबी २.० वर उतरलेला आहे. मॅकवर सिस्टिम इन्फॉर्मेशनच्या यूएसबी पानावर डिस्क किती वेगाने जोडली गेली आहे ते थेट दिसतं. कॉपी चालू असताना माउस फिरवून बघा. अर्ध्या तासाने हबला हात लावून बघा. मग लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून पुन्हा उठवा आणि मॉनिटर, लॅन, डिस्क आपणहून परत येतात का ते पाहा. पुष्कळ हब नेमके इथेच नापास होतात.

एखादी वस्तू चालली नाही तर लगेच हबला दोष देऊ नका. बाकी सगळं काढून ती एकटीच हबवर लावा. तरीही चालत नसेल तर लॅपटॉपच्या दुसऱ्या सी-पोर्टातून प्रयत्न करा, मग केबल बदला. एकटी असताना चालते आणि सगळ्यांबरोबर चालत नाही, तर वीज कमी पडते आहे, मोठा चार्जर लावून बघा. एका सी-पोर्टात चालते आणि दुसऱ्यात नाही, तर उत्तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात आहे. हे सगळं करूनही त्रास राहिला, तर लॅपटॉपचं आणि चार्जरचं नेमकं मॉडेल आणि मॉनिटरला कोणते पोर्ट आहेत ते लिहून पाठवा. तेवढं कळलं की कोणत्या प्रकारचा हब घ्यायचा हे नक्की सांगता येईल.